एसएटी १३२० आणि नावाजलेली कॉलेजं: स्कोअर पाठवायचा की झाकायचा?

रानजाई | २४ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वेळा नुसतीच वाचत असते. आज धागा काढतेय, कारण घरात गेले दोन महिने हा एकच विषय चाललाय आणि आता नवऱ्याशी बोलूनही तेच तेच बोललं जातं.

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.८८, पाच एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) झाल्या आहेत, यंदा आणखी तीन. एसएटी (कॉलेजप्रवेशाची १६०० गुणांची परीक्षा) मात्र मनासारखी गेली नाही. मार्चमध्ये १२९० (वाचन-लेखन ६६०, गणित ६३०), जूनमध्ये १३१० (६९० आणि ६२०). दोन्हीतलं चांगलं घेऊन सुपरस्कोअर धरला तरी १३२०. मधल्या काळात क्लास लावला, ब्लूबुक या एसएटीच्याच अ‍ॅपवरच्या सराव परीक्षा दिल्या. सरावात एकदा १४१० आले होते, त्यामुळे आशा लागली आणि खरा निकाल बघून ती जास्तच खचली.

देशाची सरासरी हजाराच्या जरा वर असते. म्हणजे १३२० काही वाईट नाहीत, हे मला कळतं. पण तिच्या मैत्रिणींच्या घोळक्यात १५०० च्या खालचं कोणी नाही. तिला स्पीच थेरपीकडे जायचंय आणि मनात आहेत ती कॉलेजं बऱ्यापैकी अवघड आहेत.

माझे प्रश्न असे. 'टेस्ट ऑप्शनल', म्हणजे स्कोअर पाठवणं ऐच्छिक, म्हणतात त्यावर कितपत विश्वास ठेवायचा? स्कोअर कुठे पाठवायचा, कुठे नाही? ऑक्टोबरला पुन्हा बसवायचं का?

आणि एक मनातलं. जूनचा निकाल आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते 'ऑगस्टला परत देता येईल' असं. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

विहंग | २४ ऑगस्ट

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. टेस्ट ऑप्शनल हे फक्त नावापुरतं आहे. भारतीय मुलाने स्कोअर पाठवला नाही की तो कमीच असणार असं धरून चालतात. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही हे अनुभवलंय. तेव्हा ऑक्टोबर, नोव्हेंबर, जमेल तितक्या वेळा बसवा. १४५० च्या खाली असेल तर मोठ्या नावांच्या मागे लागूच नका.

सदाफुली | २५ ऑगस्ट

रानजाई, मी पेन्सिल्व्हेनियात पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे, चौदा वर्षं झाली. जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमची यादी समोर घ्या आणि कॉलेजच्या नावाऐवजी त्याच्या धोरणावरून तीन ढीग करा. पहिला ढीग, स्कोअर सक्तीचा. एमआयटीने २०२२ मध्येच सक्ती परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तेच केलं, आणि यंदाच्या अर्जांपासून पेन (युनिव्हर्सिटी ऑफ पेन्सिल्व्हेनिया), कॉर्नेल, स्टॅनफर्ड. येल जरा वेगळं: तिथे एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी परीक्षा) यांच्याऐवजी एपी किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) यांचे गुण चालतात, पण एपी निवडल्या तर दिलेल्या सगळ्या एपींचे गुण दाखवावे लागतात. या ढिगात १३२० घेऊन अर्ज करायला कोणी अडवत नाही. पण प्रत्येक अर्जामागे तीन-चार वेगळे निबंध असतात आणि मुलांचे शनिवार-रविवार मोजकेच असतात. मी माझ्या मुलांना या ढिगातलं फार तर एक ठेवू देते.

दुसरा ढीग, स्कोअर बघतच नाहीत तो. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, त्यातलं सर्वांत मोठं नाव.

तिसरा ढीग ऑप्शनलवाल्यांचा. यात नीट फरक करायला हवा. कोविडमध्ये नाइलाजाने ऑप्शनल झालेली कॉलेजं वेगळी आणि आधीपासून विचार करून झालेली वेगळी. बोडन १९६९ पासून ऑप्शनल आहे. बेट्स १९८४ पासून, माउंट होल्योक २००१ पासून, वेक फॉरेस्टने २००८ मध्ये ठरवलं. स्कोअरशिवाय मुलाचा अर्ज कसा वाचायचा याचा यांना दशकांचा सराव आहे. तिथे स्कोअर नसणं ही रोजची गोष्ट आहे.

आता विहंग यांच्या मुद्द्याबद्दल. २९ जून २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर प्रवेश देताना वंश विचारात घेता येत नाही. ही भीती आपल्याकडे का बसली ते मी समजू शकते, पण त्या भीतीवर यादी बेतू नका. मुलाला ज्या एका गोष्टीशी खरोखर तोलतात ती म्हणजे त्याची शाळा. प्रत्येक अर्जासोबत आम्ही काउन्सेलर 'स्कूल प्रोफाइल' पाठवतो. शाळेत किती एपी आहेत, मुलं साधारण कुठे जातात, बऱ्याचदा एसएटीची सरासरीही त्यात असते. शाळेची सरासरी १०५० असेल तर १३२० उठून दिसतात. सरासरीच १३५० असेल तर त्याच १३२० ने अर्जात काही भर पडत नाही. डार्टमथच्या प्राध्यापकांनी २०२४ मध्ये केलेल्या अभ्यासात हेच समोर आलं होतं: साध्या परिस्थितीतल्या मुलांनी १४०० च्या घरातले स्कोअर लपवले, आणि पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता. म्हणून 'अमुक आकड्याखाली कधीच पाठवू नका' असा सरसकट नियम मला मान्य नाही.

एक काम मात्र उद्याच करा. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टची (गुणपत्रकाची) प्रत मागवून बघा. काही शाळा त्यावर एसएटीचे गुण छापतात. तुम्ही अर्जात झाकाल आणि ट्रान्सक्रिप्टवर ते ढळढळीत दिसतील. काउन्सेलरला सांगून काढून घेता येतात, पण सप्टेंबरातच सांगायला हवं. नंतर आमच्या टेबलावर शेकडो अर्जांची गर्दी असते.

गणितवाला | २५ ऑगस्ट

सदाफुलींच्या प्रतिसादाला अनुमोदन. आकड्यांबद्दल थोडी भर घालतो.

कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधा. बहुतेक कॉलेजं तो दरवर्षी स्वतःच्या साइटवर टाकतात. त्यातला सी-९ हा भाग काढा. तिथे दोन गोष्टी असतात: आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी किती टक्क्यांनी एसएटीचा स्कोअर कॉलेजला दिला होता, आणि त्यांच्या स्कोअरचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे आकडे (२५ पर्सेंटाइल म्हणजे पाव मुलं त्या आकड्याच्या खाली). लोक दुसरा आकडा बघतात आणि घाबरतात. पहिला आकडा आधी बघा.

उदाहरणादाखल समजा एका कॉलेजने २५ पर्सेंटाइलला १४३० दाखवलेत आणि स्कोअर देणारे ३८ टक्के आहेत. एसीटी देणारे आणखी २० टक्के धरा. म्हणजे चाळीसेक टक्के मुलं काहीही न देता वर्गात बसली आहेत. १४३० हा आकडा त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. ज्यांचा स्कोअर चांगला त्यांनीच दिला, म्हणून तो फुगलेला दिसतो. उलट एखाद्या ऑप्शनल कॉलेजात एसएटी आणि एसीटी मिळून ८५ टक्के मुलं स्कोअर देत असतील, तर तिथलं 'ऑप्शनल' जरा सांभाळूनच घ्यायचं. विहंग म्हणतात ते अशा कॉलेजांना लागू पडू शकतं.

मग सी-७ बघा. तो तक्ता आहे: कोर्सची काठिण्यपातळी, जीपीए, निबंध, शिफारसपत्रं, टेस्ट, प्रत्येकासमोर 'फार महत्त्वाचं', 'महत्त्वाचं', 'विचारात घेतो', 'घेत नाही' यांपैकी एक खूण. टेस्टसमोर नुसतं 'विचारात घेतो' असेल आणि कोर्स-जीपीएसमोर 'फार महत्त्वाचं' असेल तर ती कॉलेजं तुमच्या लेकीसाठी. त्याच तक्त्यात 'अर्जदाराने दाखवलेला रस' अशी एक ओळ असते. ती महत्त्वाची धरणाऱ्या कॉलेजांच्या ऑनलाइन भेटींना मुलांना जरूर बसवा.

मी मुलाच्या वेळी सतरा कॉलेजांचं असं कोष्टक केलं होतं. दोन संध्याकाळी गेल्या. त्यानंतर घरातली अर्धी भांडणं मिटली, कारण 'मला वाटतं' संपून आकडा समोर आला.

रानजाई | २७ ऑगस्ट

तुम्हा दोघांचे किती आभार मानू! ट्रान्सक्रिप्ट काढलं आणि त्यावर खरंच स्कोअर होता, मार्चचा १२९० सुद्धा. आज लेकीने काउन्सेलरला मेल केला.

कोष्टक सुरू केलंय. पण एक कळलं नाही, कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, टेस्टचा भाग सगळ्या कॉलेजांना एकच आहे ना? मग एकाला दाखवायचा आणि दुसऱ्याला नाही, हे कसं जमवायचं?

सदाफुली | २७ ऑगस्ट

तो भाग प्रत्येक अर्ज पाठवताना बदलता येतो. ज्यांना दाखवायचा त्यांचे अर्ज आधी पाठवा. मग आत जाऊन स्कोअर काढा, पूर्वदृश्य उघडून तो गेल्याची खात्री करा, आणि उरलेले अर्ज पाठवा. शिवाय बहुतेक ऑप्शनल कॉलेजं त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांत 'तुमचे स्कोअर विचारात घ्यावेत का?' असं वेगळं विचारतात. तिथलं उत्तर आणि हा भाग जुळला पाहिजे.

तिन्हीसांज | २९ ऑगस्ट

आमचा अनुभव सांगते, कुणाला उपयोग झाला तर. थोरल्याचा स्कोअर १३८० होता. आम्ही काही हजार डॉलर भरून एक खासगी सल्लागार धरला होता. त्याने सगळीकडे स्कोअर झाकायला सांगितला, एकही अपवाद न करता. आम्ही ऐकलं. नंतर कळलं की यादीतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत १३८० हा ७५ पर्सेंटाइलच्याही वर होता आणि तिथली मोठी मेरिट स्कॉलरशिप जीपीए आणि स्कोअर अशी दोन्ही बघून द्यायचे. प्रवेश ऑप्शनल होता, स्कॉलरशिप नव्हती. मुलाला प्रवेश मिळाला, पैसे मिळाले नाहीत. फोन करून विचारलं तर मुदत उलटून गेली होती.

तेव्हा प्रत्येक कॉलेजचं स्कॉलरशिपचं पान वेगळं उघडा. ऑनर्स प्रोग्रॅमचं पण. थेट मेडिकलचे जे सात-आठ वर्षांचे कार्यक्रम असतात त्यांत तर बऱ्याच ठिकाणी स्कोअर लागतोच.

उंबरठा | ३० ऑगस्ट

मी इथे वयाने लहान असेन. दहा वर्षांची असताना अमेरिकेत आले, आता पदवी होऊन दोन वर्षं झाली. माझा एसएटी १२६० होता. मेनमधल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात स्कोअर न देता अर्ज केला आणि मिळालं.

रानजाईताई, मला प्रवेशानंतरचं सांगायचंय, कारण ते कोणी सांगत नाही. पहिल्या सेमिस्टरला मी वर्गात प्रत्येकाकडे बघून मनात त्याचा स्कोअर किती असेल याचा अंदाज करत बसायचे. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या परीक्षेत ६१ आले तेव्हा वाटलं, झालं, कळलं सगळ्यांना. प्रोफेसरांकडे ऑफिस अवर्सना गेले. त्यांनी माझा पेपर समोर ठेवून फक्त विचारलं, 'हे गणित वेळ असता तर सुटलं असतं का?' मी तिथेच त्यांच्या फळ्यावर सोडवलं. सुटलं. मग दर मंगळवारी जायला लागले. शेवटी बी प्लस मिळाला.

माझा घोळ वेळेचा होता, आणि एसएटीत वेळच तर मोजतात. तुमची लेक गणितात नक्की कुठे अडकते ते एकदा बघा. आता गणिताचे दोन भाग, मॉड्यूल, असतात. पहिल्या मॉड्यूलमध्ये सोप्या चुका झाल्या की दुसरं मॉड्यूल सोपं येतं आणि मग वरचे गुण हाताला लागतच नाहीत.

आणि तुमच्या त्या वाक्याबद्दल. माझी आई पण असंच बोलली होती. नंतर एकदा तिने सॉरी म्हटलं, मला ते आठवतं.

विहंग | ३१ ऑगस्ट

गणितवाल्यांच्या सांगण्यावरून भाच्याने अर्ज केलेल्या कॉलेजांचे आकडे आत्ता काढून बघितले. पाचपैकी चार अशीच निघाली जिथे बहुतेक मुलं स्कोअर देतात. तेव्हा आम्ही हे पाहिलंच नव्हतं. माझा पहिला प्रतिसाद मी सगळ्या कॉलेजांना लावायला नको होता. तरी ऑक्टोबरची एक परीक्षा द्यावी असं मला अजून वाटतं. एकच, आणि फक्त गणितावर भर देऊन.

रानजाई | १२ सप्टेंबर

उंबरठा, तुझा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. आणि सॉरी म्हटलं. जास्त काही लिहीत नाही.

आता दुसरीच अडचण. अ‍ॅक्टिव्हिटीजच्या यादीत दहा जागा आहेत आणि तिच्या पाचच भरतायत. ऑर्केस्ट्रा, लायब्ररीत स्वयंसेवा, वगैरे. शाळेनंतर ती कुठे थांबतच नाही, कारण माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात. त्यांना पार्किन्सन्स आहे. आम्ही दोघं सहानंतर घरी येतो, त्यामुळे साडेतीनपासून आजी तिच्याकडे. औषधांचा डबा, फिरवून आणणं, डॉक्टरांकडे गेलो की आजीचं मराठी इंग्रजीत सांगणं आणि डॉक्टरांचं मराठीत.

गेल्या वर्षी सासूबाईंचा आवाज अगदी खोल गेला. स्पीच थेरपिस्टने व्यायाम दिले. जितका वेळ जमेल तितका मोठ्याने 'आ' म्हणायचं, आणि रोजच्या वापरातली दहा वाक्यं मोठ्याने म्हणायची. वाक्यं इंग्रजीत होती. सासूबाई ती कधी म्हणेचनात. लेकीने तो कागद बाजूला ठेवला आणि आजी दिवसभरात खरोखर काय बोलते ते आठवडाभर वहीत टिपलं. त्यातून दहा वाक्यं निवडली. 'चहा झाला का', 'दार लोटून घे गं', 'फोन कुणाचा', अशी. फोनवर आवाजाची पातळी मोजायचं अ‍ॅप घेतलं, रोजचा आकडा वहीत. जिन्याखालून 'दार लोटून घे गं' वरच्या खोलीत ऐकू आलं त्या दिवशी तिने त्या आकड्याभोवती लाल गोल केलाय.

यामुळेच तिला हे शिकायचंय. पण घरचं काम अ‍ॅक्टिव्हिटीत कसं लिहिणार?

सदाफुली | १२ सप्टेंबर

अगं, हे तू तीन आठवडे लपवून ठेवलंस होय!

कॉमन अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्टिव्हिटीच्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा स्वतंत्र पर्याय आहे. तो निवडायचा आणि हे यादीत पहिल्या क्रमांकावर टाकायचं. वर्णनाला फक्त १५० अक्षरं मिळतात, म्हणून विशेषणं नकोत. तास आणि आठवडे विचारतात ते खरे भरा: आठवड्याला बारा-तेरा तास असतील तर तेवढेच, वर्षाचे ५२ आठवडे. मुख्य निबंधाला ६५० शब्द असतात. ती वही, ती दहा वाक्यं आणि लाल गोल तिथे जाऊ देत. आजाराबद्दल चार ओळी पुरेत, उरलेलं तिने काय पाहिलं आणि काय बदललं ते. निबंधात एसएटीचं नावही नको. आणि काउन्सेलरला हे सगळं लेखी द्या, कारण ती शाळेनंतर कुठल्याच क्लबात का दिसत नाही ते त्यांच्या पत्रातून कॉलेजला कळायला हवं.

वाचणाऱ्याला आता तिचा गणिताचा ६२० का आठवेल?

पश्चिमवारा | १४ सप्टेंबर

यूसीचा विषय वर निघाला होता म्हणून लिहितो. यूसीच्या रीजंट्सनी (नियामक मंडळाने) मे २०२० मध्ये एसएटी-एसीटी काढायचा निर्णय घेतला आणि आता नऊही कॅम्पसना प्रवेशासाठी स्कोअर बघितलाच जात नाही. अर्ज वेगळा, कॉमन अ‍ॅप नाही. आठ प्रश्नांतले चार निवडून प्रत्येकी ३५० शब्द. पण बाहेरच्या राज्यातल्यांना नेहमीच्या फीवर वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त पडतात आणि मदत फारशी नाही, ते धरून चाला.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी: कम्युनिटी कॉलेजातून बदली हा रस्ता आपल्याकडे लोक कमीपणाचा मानतात. माझी धाकटी त्याच रस्त्याने डेव्हिसला गेली. यूसीच्या सहा कॅम्पसना अटी पूर्ण केल्या की जागेची लेखी हमी मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. दोन वर्षांचे पैसे वाचले आणि पदवीवर नाव यूसीचंच.

रानजाई | १९ डिसेंबर

मंडळी, कुठवर आलं ते सांगते. बऱ्याच जणांनी विपुत (विचारपुशीत) विचारलं होतं.

ऑक्टोबरला ती एकदाच बसली, स्वतःहून. गणित ६५०, म्हणजे सुपरस्कोअर १३४०. अकरा कॉलेजांचं कोष्टक झालं. ज्या तीन ठिकाणी १३४० हा मधल्या आकड्याच्या वर होता तिथेच स्कोअर पाठवला, त्यातल्या दोन ठिकाणी मेरिटसाठी तो लागतही होता. बाकी आठ ठिकाणी कोरं ठेवलं. सक्तीच्या ढिगातलं एकही ठेवलं नाही, तो निर्णय तिचा.

पिट्सबर्गला स्कोअरशिवाय अर्ज केला होता. तिथे अर्ज येतील तसे निकाल लागतात, आम्हाला नोव्हेंबरमध्येच होकार आला. तिच्या विषयाचा विभाग तिथे चांगला आहे. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, 'लांब आहे का गं?'

अर्ली डिसिजन (होकार आला तर तिथेच जायचं असं बंधन असलेला लवकरचा अर्ज) मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या कॉलेजला केलं होतं. नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर, म्हणजे मदत वजा जाता खर्च दाखवणाऱ्या कॉलेजच्या पानावर, आकडा काढून, झेपतंय बघून मगच. परवा निकाल आला, डिफर केलंय. नकार नाही, होकारही नाही. ती रडली नाही. म्हणाली, मार्चपर्यंत थांबायचं ना, थांबते. आता तिथे काही कळवायचं असतं का? आणि इथेही आता स्कोअर पाठवून बघावा का?

सदाफुली | १९ डिसेंबर

पिट्सबर्गबद्दल लेकीचं अभिनंदन! डिफर झाल्यावर अर्ली डिसिजनचं बंधन सुटतं, तेव्हा बाकीचे अर्ज अगदी निर्धास्त पूर्ण करा.

आता स्कोअर पाठवू नका. एकदा त्याशिवाय वाचलेल्या अर्जात मधल्या आकड्याखालचा स्कोअर घालून काही मिळणार नाही. त्याऐवजी जानेवारीत तिने स्वतः एक पानभर पत्र लिहावं: अजूनही हेच पहिलं कॉलेज आहे आणि अर्जानंतर नवीन काय झालं. पोर्टलवर पत्र टाकायची जागा असेल तर तिथेच टाका, नसेल तर तुमच्या भागाच्या अ‍ॅडमिशन ऑफिसरला मेल. पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड काउन्सेलर मिड-इयर रिपोर्टमधून पाठवतात. ते चांगले असतील तर तेच आता सर्वांत वजनदार. यंदाच्या तीन एपींत काय चाललंय?

रानजाई | १९ डिसेंबर

दोन ए, स्टॅटिस्टिक्समध्ये ए मायनस. आणि पत्रात लिहायला एक नवीन आहे. सासूबाईंच्या थेरपिस्टने ती दहा वाक्यांची मराठी यादी मागून घेतलीय. त्यांच्याकडे आणखी एक मराठी आजोबा येतात म्हणे.

सदाफुली | १९ डिसेंबर

पत्राची सुरुवात तिथूनच करू दे.